पणजी-मडगावची संग्रहालयं आणि जुनी घरं : बेळगावहून जाताना काय बघावं?

टिळकवाडीकर

नमस्कार मंडळी. दिवाळीची सुट्टी संपायच्या आत आई-बाबा आणि नववीतल्या मुलीला घेऊन पणजीला जायचं ठरलंय. मुक्काम दोन रात्री, गाडी आपलीच, जाताना चोर्ला घाटानं.

आमच्या घरात गोव्याला जाणं म्हणजे कवळ्याची शांतादुर्गा, मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा, वेळ उरला तर मिरामारला सूर्यास्त आणि रात्री उशिरा परत बेळगाव. पणजीतली ती रंगीत घरं आणि नदीकाठचं जुनं सचिवालय आम्ही सगळ्यांनी नेहमी गाडीच्या काचेतूनच बघितलंय. या वेळी देवदर्शन एकच ठेवायचं आणि बाकीचा वेळ संग्रहालयं आणि जुन्या घरांना द्यायचा असं मुलीनं आणि मी मिळून ठरवलंय. बाबांना इतिहासाचं वेड आहे, खरं गुडघे साथ देत नाहीत. आईला जुनी स्वयंपाकघरं बघायची आहेत. मुलीचा प्रश्न असा की पुस्तकातला गोवा आणि आपलं बेळगाव यांचा एकमेकांशी काय संबंध?

कुठून सुरुवात करू? काय सोडलं तरी चालेल? आणि जायच्या आधी मुलीला काय सांगून ठेवू?

माहेर_शहापूर

ताई, माझं माहेर शहापूर आणि सासर मडगाव, त्यामुळं दोन्हीकडच्या पाहुण्यांना फिरवायचं काम माझ्याकडेच असतं. सगळ्यात आधी सांगते, एका दिवसात पणजी, जुनं गोवं आणि मडगावजवळचं चांदर असं तिन्ही बसवू नका. आपल्याकडची माणसं तसंच करतात आणि संध्याकाळी कुणालाच काही आठवत नाही.

पणजीचा दिवस मांडवीकाठच्या जुन्या सचिवालयापासून सुरू करा. विजापूरच्या आदिलशहाचा हा वाडा. १७५९ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय जुनं गोवं सोडून तिथं राहायला आले. मुक्तीनंतर तिथंच सचिवालय आणि विधानसभा होती, नंतर विधानसभा पर्वरीला गेली. राज्य संग्रहालय आधी पाट्टोला स्वतःच्या इमारतीत होतं, ते आता या वाड्यात आणलंय. काही दालनं मध्येच बंद असतात, म्हणून निघायच्या आधी फोन करून खात्री करा. वाड्याच्या शेजारी एक पुतळा आहे, हात पुढे केलेला माणूस आणि समोर मागे झुकलेली बाई. ते आबे फारीया. कांदोळीत १७५६ मध्ये जन्मलेला हा गोव्याचा पाद्री पॅरिसला गेला आणि संमोहन ही समोरच्याच्या मनाची क्रिया आहे, करणाऱ्याच्या अंगात कुठली शक्ती नसते, असं त्यानं तिथं मांडलं. मुलीला ही गोष्ट नक्की सांगा. मुलं त्या पुतळ्यापुढे थांबतात आणि प्रश्न विचारतात.

तिथून चालत म्हामाय कामतांचं घर. आत जायला मिळतंच असं नाही, बाहेरून बघा. या घराण्याचा व्यापार दूरदूर होता, त्यांच्या दप्तरातले कागद मोडी, मराठी, पोर्तुगीज, फ्रेंच अशा भाषांत आहेत. आता ते संशोधकांसाठी पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात ठेवलेत.

मग आझाद मैदानासमोर मिनेझिस ब्रागांझा संस्था. पर्यटक इथं फार कमी येतात. दारातून आत शिरलात की दोन्ही बाजूंच्या भिंतींवर निळ्या-पांढऱ्या चित्रांच्या फरशा आहेत, अझुलेजु म्हणतात त्याला. जॉर्ज कोलासो या पोर्तुगीज चित्रकारानं १९३५ मध्ये केलेलं काम. वास्को द गामाच्या सफरीचं महाकाव्य त्या भिंतीवर मांडलंय. आणि इमारतीला नाव आहे ते पोर्तुगीज सत्तेला विरोध करणाऱ्या लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांचं. आधी ती वास्को द गामा संस्था होती, मुक्तीनंतर १९६३ मध्ये नाव बदललं. पाटी आणि भिंत दोन्ही एकत्र बघा.

फोंतैन्यश, म्हणजे पणजीतली ती रंगीत घरांची वस्ती, संध्याकाळी. ऊन उतरल्यावर पिवळ्या आणि निळ्या भिंती जास्त खुलतात आणि काकांना चालायलाही बरं पडेल. तिथली घरं राहती आहेत, कुणी खिडकीत उभं असेल तर फोटो काढू नका. गल्लीच्या टोकाला सेंट सेबेस्टियनचं छोटं चॅपल आहे, १८१८ चं. तिथला क्रूसावरचा ख्रिस्त नीट बघा, त्याचे डोळे उघडे आहेत. हा क्रूस पूर्वी जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगिजांच्या धर्मन्यायालयाच्या, इमारतीत होता.

चांदरच्या मोठ्या घराबद्दल वेगळं लिहिते.

हलशीकर

ताई, मुलीच्या प्रश्नाचं उत्तर आमच्या गावात हाय की. गोव्याला जायच्या आधी एक दिवस खानापूर तालुक्यात हलशीला या. कदंबांची ही जुनी राजधानी, तेव्हाचं नाव पलाशिका. आमच्या गावातलं भूवराह नरसिंहाचं देऊळ गोव्याच्या कदंबांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. तिकडं कित्तूरजवळ देगावला कमलनारायणाचं देऊळ हाय, ते शिवचित्त पेर्माडी राजाच्या राणीनं, कमलादेवीनं बांधवलेलं. दगडातली नक्षी बघून माणूस गप्प होतंय.

आता हेच कदंब गोव्यात कुठं राहत होते? चांदरला. तेव्हाचं चंद्रपूर. पुढं अकराव्या शतकात त्यांनी राजधानी जुवारी नदीवर गोपकपट्टणला, आजच्या गोवा व्हेल्ल्याला, नेली, कारण समुद्राचा व्यापार हातात घ्यायचा होता. मडगावच्या ताई ज्या मोठ्या घराबद्दल लिहिणार हायत, ते ह्याच चांदरमध्ये हाय. लोक झुंबरं बघून परत येतात आणि गावात जुन्या देवळाचे अवशेष हायत, तिकडं कुणी फिरकत नाही. मोडलेला नंदी हाय तिथं. मुलीला तो दाखवा आणि हलशीही दाखवा. घाटाच्या वर आणि खाली एकाच घराण्याचं राज्य होतं हे तिला डोळ्यांनी कळू दे.

आणखी एक. जुन्या सचिवालयासमोरून जी मांडवी वाहतीय ती आमच्याच भीमगडच्या रानातून निघाल्याली म्हादई. पणजीत उभं राहून तिला हे सांगा.

येळ्ळूरचे_गुरुजी

चर्चा वाचली. मला एक गोष्ट खटकते, ती स्पष्ट लिहितो. अलीकडे आपल्याकडची तरुण मंडळी गोव्यातली पोर्तुगीज घरं बघून येतात आणि फर्निचर, चिनी बशा, नाचाचा हॉल यांचं कौतुक करत बसतात. ती घरं ज्या काळात उभी राहिली त्या काळात काय चाललं होतं? इन्क्विझिशन १५६० मध्ये सुरू झालं, मधली थोडी वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत चाललं. टिळकवाडीकर ज्या मंगेशीला जातात तो देव मूळ कुठ्ठाळीचा. १५६० मध्ये भक्तांनी तो नदी ओलांडून प्रियोळला नेला, कारण तो भाग तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात नव्हता. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली. १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या लोकांनी उठाव केला आणि त्यांच्या पुढाऱ्यांना असोळण्याच्या किल्ल्यात दग्यानं मारलं. हे ठाऊक नसेल तर त्या घरांत जाऊन मुलीला काय कळणार?

आणि मुक्तीचा लढा तर आपल्या दारातून गेला. १९५४-५५ मध्ये सत्याग्रहींचे जथे बेळगावात उतरत, इथल्या घरांत जेवत आणि सीमेकडे निघत. माझ्या वडिलांच्या तोंडून मी हे ऐकलेलं आहे. १५ ऑगस्ट १९५५ ला पत्रादेवीला आणि कॅसलरॉककडे निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी आंबोलीच्या जंगलातून गुप्त रेडिओ सुरू केला, पुढे तो कॅसलरॉकहून चालला, थेट मुक्तीपर्यंत. आणि १९६१ च्या डिसेंबरात मेजर जनरल कँडेथ यांच्या सतराव्या डिव्हिजनची जमवाजमव झाली ती बेळगावात. १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला.

म्हणून माझं मत असं की आधी आग्वादचा तुरुंग बघा. स्वातंत्र्यसैनिकांना ज्या कोठड्यांत ठेवलं होतं तिथं आता संग्रहालय झालं आहे. घरं नंतर.

माहेर_शहापूर

गुरुजी, तुमचा राग मला समजतो आणि आग्वाद बघायलाच हवा. पण चांदरचं घर पोर्तुगिजांचं नाही, ते गोवेकरांचं आहे. आणि तुम्ही म्हणता त्या लढ्याचं एक टोक त्याच घरात आहे.

चांदरच्या चर्चसमोर ते लांबलचक घर आहे. रस्त्याच्या बाजूनं खिडक्याच खिडक्या, चोवीस. घर एकच, पण मधल्या जिन्यानं त्याचे दोन भाग होतात, दोन भावकींचे. उजव्या हाताला ब्रागांझा परेरा, डाव्या हाताला मिनेझिस ब्रागांझा. दोन्हीकडची माणसं स्वतः राहतात, स्वतः दाखवतात. जिना चढून वर जावं लागतं, काकांना सावकाश न्या.

परेरांच्या बाजूला नाचाचा मोठा हॉल, पोर्तुगालच्या राजानं भेट दिलेल्या उंच पाठीच्या खुर्च्या आणि घरचं चॅपल. चॅपलमध्ये सेंट झेवियरचं नख जपलेलं आहे, गावातले लोक ते श्रद्धेनं बघायला येतात. दुसऱ्या बाजूला लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांचं ग्रंथालय. पाच हजारांच्या आसपास पुस्तकं. १८७८ मध्ये जन्मलेला हा माणूस पोर्तुगीज भाषेतच पत्रकारिता करायचा आणि त्याच भाषेत सत्तेला धारेवर धरायचा. १९०० मध्ये गोव्यातलं पहिलं पोर्तुगीज दैनिक निघालं त्याच्या संस्थापकांत ते होते. १९३० मध्ये त्यांनी विधिमंडळात ठराव मांडला की गोव्याच्या लोकांना स्वतःचं भवितव्य ठरवण्याचा हक्क आहे. १९३८ मध्ये ते गेले. पुढे त्यांच्या घरच्यांना १९५० मध्ये गोवा सोडावा लागला, ते परत आले १९६२ मध्ये. इतकी वर्षं बंद राहूनही घर बरंचसं होतं तसंच राहिलं.

आणि गुरुजी, तुमच्या आग्वादच्या तुरुंगात ज्यांना ठेवलं होतं ते त्रिस्ताव द ब्रागांझा कुन्हा, ज्यांना गोमंतकीय राष्ट्रवादाचे जनक म्हणतात, तेही चांदरचेच. १८ जून १९४६ ला मडगावात लोहियांची सभा झाली, त्यानंतर कुन्हांना पकडून पोर्तुगालला पेनिशच्या तुरुंगात पाठवलं. म्हणजे आग्वाद आधी की चांदर आधी हा वाद नाही. एक बघितलं की दुसरं कळतं.

आणखी एक सांगते. या घरांना सरकारकडून फारसं काही मिळत नाही. मुक्तीनंतर कूळकायदा आला, शेतं कुळांकडे गेली, ते योग्यच झालं. पण ज्या भातशेतीवर आणि माडांवर ही घरं उभी होती ते उत्पन्न गेलं. आता दर पावसाळ्यानंतर कौलं बदलायची, वाळवी बघायची, चुना मारायचा, हे सगळं येणाऱ्या पाहुण्यांच्या देणगीवर चालतं. तिथं ठेवलेल्या पेटीत मोकळ्या मनानं पैसे टाका. काही पाहुणे फुकट समजून घासाघीस करतात, ते बघून मला फार वाईट वाटतं. आणि घरातल्या वयस्कर बाई काही सांगत असतील तर मध्ये फोन काढू नका.

कॅम्पातला_आर्किटेक्ट

मी घरं बांधतो, म्हणून घराच्या अंगानं लिहितो. आपल्या सीमाभागातला वाडा आत वळलेला असतो. रस्त्याकडे जाड भिंत आणि लहान दार, उजेड-वारा सगळा मधल्या चौकातून. गोव्यातल्या जुन्या हिंदू घरांतही तसंच, मधल्या अंगणाला राजांगण म्हणतात, तिथं तुळस. ख्रिस्ती घरांनी मात्र तोंड रस्त्याकडे केलं. मोठ्या खिडक्या, पुढे पायऱ्या आणि पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना बसायचे दगडी कट्टे, म्हणजे बल्कांव. संध्याकाळी घरचे तिथं बसतात, येणारा-जाणारा थांबून बोलतो. पण चांदरसारख्या घरात आत शिरलात की मागे अंगण सापडतंच. समाज बदलला, धर्म बदलला, तरी घराची जुनी मांडणी आतून टिकून राहिली, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्याच्या चपट्या चकत्या बसवलेल्या दिसतील. खाडीत मिळणारा हा शिंपला घासून पातळ केला की उजेड आत येतो, पण ऊन डोळ्यांवर येत नाही. काच महाग होती तेव्हाची युक्ती. आता अशा चकत्या घडवणारे हात फार थोडे उरलेत. भिंती जांभ्या चिऱ्याच्या. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, वाऱ्यावर कडक होतो, पण पाणी पितो. म्हणून त्यावर चुन्याचा गिलावा लागतोच, आणि दरवर्षी रंगही. हल्ली काही घरांना सिमेंट फासतात, मग आतली ओल बाहेर पडत नाही आणि भिंत आतून कुजते. आपल्या कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांचंही हेच झालंय.

वेळ असेल तर पर्वरीच्या पुढे तोर्डाला गोव्याच्या घरांचं संग्रहालय आहे, जेरार्ड द कुन्हा या वास्तुविशारदानं उभारलेलं. इमारत स्वतःच रस्त्याच्या मधोमध जहाजासारखी उभी आहे. दारं, खिडक्या, कठडे, फरशा सगळं एकत्र बघायला मिळतं. आधी हे बघून मग चांदरला गेलात तर काय बघायचं ते डोळ्यांना कळतं. मडगावात सात बुर्झांचं घरही बाहेरून बघा. १७९० च्या सुमाराचं, छपराला सात शिखरं होती, आता तीन उरलीत.

निपाणीवाला

बाणावलीच्या गोवा चित्र या संग्रहालयाला जा. व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी गावोगाव पडलेल्या मोडक्या वस्तू गोळा करून उभं केलंय, २००९ पासून लोकांसाठी खुलं हाय. नांगर, कोळपी, घाणे, मापं, बैलगाड्या, ऊस पिळायचं चरक. काही हजार वस्तू. टिळकवाडीकर ताईंच्या आईला स्वयंपाकघर बघायचं हाय ना, तिथं मडकी, रगडे, नारळ किसायच्या विळ्या सगळं मिळंल.

मी तिथं उभा राहिलो तेव्हा मला निपाणी आठवली. आमच्याकडं तंबाखूच्या केवढ्या वखारी होत्या. पानं वाळवायची, कुटायची, चाळायची अवजारं, बोद भरायची तऱ्हा, वजनकाटे. बायका दिवसभर त्या धुळीत काम करायच्या. आता वखारी पाडून तिथं फ्लॅट उठालेत आणि अवजारं भंगारात चाललीत. कुणीतरी एक खोली तरी भरवायला पाहिजे निपाणीत. मोठ्या घरांची झुंबरं टिकतात, त्या घराला ज्यांनी भात पिकवून दिलं त्यांचं नांगर टिकत नाही. गोवा चित्र म्हणून मला मोठं वाटतंय.

येळ्ळूरचे_गुरुजी

निपाणीवाले, ही खोली भरवायची असेल तर मला कळवा. मी माझ्याकडची जुनी मापं देईन. शेर, अदशेर, पायली, सगळी आहेत.

माहेर_शहापूर ताई, त्रिस्ताव कुन्हा चांदरचे हे लक्षात आणून दिलंत ते फार बरं झालं. आता माझं म्हणणं एवढंच की मुलीला दोन्ही दाखवताना क्रम ठेवा. जुन्या गोव्यात पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे, सेंट फ्रान्सिस आसिसीच्या मठात, १९६४ पासून. खालच्या दालनात कदंबकाळातल्या मूर्ती आणि वीरगळ. वरच्या मजल्यावर गव्हर्नर आणि व्हाइसरॉय यांची ओळीनं लावलेली तैलचित्रं. आफोन्सो द आल्बुकेर्कचा पुतळा तिथं आहे आणि एके काळी बाहेर चौकात दिमाखात उभा असलेला कवी कामोंइशचा पुतळाही आता आत आणून ठेवलाय. मुलीला आधी खालचे वीरगळ दाखवा आणि मग वर न्या. शुक्रवारी ते बंद असतं, दिवस बघून जा.

इन्क्विझिशनबद्दल नववीतल्या मुलीला सांगायला हरकत नाही. भीती घालू नका, कारण समजावून सांगा. सत्ता आणि धर्म एका हातात गेले की काय होतं, एवढं कळलं तरी पुरे.

रिसालदार_गल्ली

एक राहिलं. स्वामी विवेकानंद १८९२ च्या ऑक्टोबरात बेळगावात आले तेव्हा आमच्या गल्लीत भाट्यांच्या घरी उतरले होते. ते घर आता रामकृष्ण आश्रमाकडे आहे आणि स्मारक म्हणून जपलंय. बेळगावातल्या किती जणांनी ते आतून बघितलंय, मला शंका आहे. इथून स्वामीजी मडगावला गेले, तिथं सुब्राय नाईकांकडे राहिले आणि राशोलच्या सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेत, जाऊन ख्रिस्ती धर्मग्रंथांचा अभ्यास केला. मडगावच्या त्या घरात त्यांची खोली आजही दाखवतात. मुलीला आधी रिसालदार गल्ली दाखवा, मग मडगाव. एका माणसाचा प्रवास दोन घरांत उभा राहतो.

राशोल चांदरच्या वाटेवरून थोडं आत आहे. १६१० ची सेमिनरी. तिथल्या छापखान्यातून १६१६ मध्ये रोमी लिपीत मराठी काव्य छापून बाहेर पडलं. आपल्या भाषेच्या छापील इतिहासातली एवढी जुनी जागा आपल्यापासून काही तासांवर आहे.

माहेर_शहापूर

राशोल आत बघायचं असेल तर आधी विचारून जा, तिथं मुलं शिकत असतात. एके काळी तिथंच ख्रिस्ती कलेचं संग्रहालय होतं, ते २००२ मध्ये जुन्या गोव्याच्या सांता मोनिका मठात नेलं. हस्तिदंती मूर्तींसाठी तरी ते बघाच. घडवणारे हात इथल्याच कारागिरांचे, त्यामुळं बाळ येशूच्या अंगावर कुठं कुठं आपल्याकडची ठेवण दिसते.

ताई, सगळं करायला जाऊ नका. माझा सल्ला असा. चोर्ल्यानं उतरून साखळीहून माशेल-बाणास्तरीमार्गे थेट जुन्या गोव्यात या, दुपारपर्यंत पुरातत्त्व संग्रहालय आणि सांता मोनिका, मग रायबंदरच्या जुन्या बांधावरून पणजी. तो बांध १६३० च्या दशकातला आहे, अजून त्यावरून वाहनं जातात. दुसरा दिवस पणजी, आणि सकाळी लवकर आग्वाद. तिसऱ्या दिवशी सामान आवरून चांदर, मडगावातली स्वामीजींची खोली, जमलं तर बाणावली आणि परत येताना अनमोड घाट. मोलेंच्या अलीकडे तांबडी सुर्लाचं महादेवाचं देऊळ आहे, काळ्या दगडातलं, कदंबांच्या काळातलं. हलशीकरदादांचं बोट धरून सुरू केलेली सहल तिथंच संपवा. अंधार पडायच्या आत मात्र पोचा, जंगलाचा रस्ता आहे.

हलशीकर

तांबडी सुर्लाचं बरोबर बोललात. तो काळा दगड गोव्यातला नव्हं, घाटावरून नेला असं जाणती माणसं सांगतात.

टिळकवाडीकर

मंडळी, जाऊन आलो. सगळ्यांनी सांगितलेलं सगळं झालं नाही. तोर्डा आणि बाणावली राहिलं, राशोल बाहेरूनच बघितलं. जायच्या आधीच्या रविवारी हलशी केली, हलशीकरदादांनी देवळात स्वतः फिरवलं, त्यांचे मनापासून आभार. निघायच्या आदल्या संध्याकाळी रिसालदार गल्लीतलं घरही बघितलं.

मुलीनं जुन्या गोव्यात वीरगळापुढं वहीत चित्र काढलं. आग्वादला कोठडीत शिरल्यावर तिनं विचारलं की कुन्हांना इथून पोर्तुगालला नेलं तेव्हा त्यांच्या घरच्यांना कळवलं का. मला उत्तर देता आलं नाही, गुरुजी, तुम्हाला ठाऊक असेल तर लिहा. तिला त्यावर शाळेच्या प्रकल्पात लिहायचंय. बाबा चांदरच्या ग्रंथालयात खुर्चीवर बसून राहिले. पुस्तकांना हात लावू देत नाहीत, ते बरोबरच आहे, खरं पाठीवरची नावं वाचायलासुद्धा त्यांना वेळ पुरला नाही. घरच्यांनी फार आपुलकीनं सांगितलं. आईला मागच्या अंगणातलं स्वयंपाकघर बघायचं होतं, ते घरच्यांच्या वापरातलं असल्यानं आम्ही आग्रह केला नाही. तिच्यासाठी बाणावलीला पुन्हा जायचंच आहे.

मिनेझिस ब्रागांझा संस्थेतल्या निळ्या फरशांपुढं आम्ही सोडून कुणीच नव्हतं. इतकी सुंदर भिंत आणि बाहेर रस्त्यावर एक धड पाटी नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

अनगोळची_आजी

छान लिहिलंस गं. आम्हालाही जायचंय, पण ह्यांना पायऱ्या जमत नाहीत, काठी लागते. कुठं कुठं चढावं लागतं तेवढं सांग.

टिळकवाडीकर

आजी, चांदरला वर चढल्याशिवाय काहीच दिसत नाही, कारण बघायच्या सगळ्या खोल्या वरच्या मजल्यावर आहेत. बाबा कठडा धरून, मध्ये थांबत चढले. जुन्या गोव्यातल्या पुरातत्त्व संग्रहालयात मूर्ती आणि वीरगळ तळमजल्यावर आहेत, वरची चित्रं सोडली तरी चालेल. मिनेझिस ब्रागांझाच्या फरशा दारातून आत गेल्या गेल्याच आहेत, तिथं आजोबांना काही त्रास होणार नाही. फोंतैन्यशमध्ये रस्ता थोडा चढ-उताराचा आहे, गाडी चॅपलच्या जवळ नेता आली तर न्या. आग्वादला ऊन फार लागतं, सकाळी उघडल्या उघडल्या जा आणि पाणी, टोपी बरोबर ठेवा.